त्रिशलाचा सोबती

रसाचं तिसरं आदण उतरायला आलं होतं. काहिलीतला रस आटून दाट झाला होता, त्यावर पिवळे बुडबुडे सावकाश फुटत होते आणि शिरोळ तालुक्यातलं ते छोटंसं गुऱ्हाळ गोड वासानं भरून गेलं होतं. चुलवाण जाऊन तिथं आता वाफेचे नळ आले होते. काहील माणसांनी ओढायची पद्धतही गेली होती. छताच्या तुळईला बसवलेली मोटर ती साखळ्यांनी उचलायची आणि पाक गूळ निववायच्या वाफ्यात ओतायची. हे सगळं त्रिशलानं उभं केलं होतं. त्या दुपारी साखळ्या ताणल्या, काहील अधांतरी आली, आणि एका बाजूचा आकडा निसटला.

सुकुमार मगदूम दारातच उभे होते. काहील कलंडताना त्यांनी पाहिली आणि तिच्याखालून बाजूला व्हायला धडपडणारी त्रिशलाही पाहिली. उकळतं पाणी अंगावर पडलं तर ओघळून तरी जातं. पाक चिकटून बसतो आणि आत आत भाजत राहतो. छातीपासून घोट्यापर्यंत तो तिच्या अंगावर बसला होता. सुकुमारांनी तिला टाकीच्या नळाखाली ओढलं आणि हातानं पाक काढायला गेले.

"मामा, ओरबाडू नका," ती दात आवळून म्हणाली. "नुसतं पाणी सोडा. सोडत राहा."

रुग्णवाहिका येईपर्यंत ते पाणी सोडत राहिले.

मामा म्हणजे सासरे. त्या भागातल्या सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. पण या घरात सासू नव्हती आणि आता नवराही नव्हता. सुकुमारांचा एकुलता एक मुलगा शीतल चार वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्रिशलाची आई विमलताई सांगलीहून तिला न्यायला आली, तेव्हा सुनेनं बॅग भरली, उंबऱ्यापर्यंत आली आणि परत फिरली. "उसाचा हंगाम तरी होऊ दे," म्हणाली. एक हंगाम झाला, दुसरा झाला. ती अन्नतंत्रज्ञान शिकली होती. सासऱ्यांचं बंद पडलेलं गुऱ्हाळ तिनं वाफेवर सुरू केलं, आणि दोन माणसांचं ते घर हळूहळू पुन्हा बोलायला लागलं. सकाळी कोण दूध तापवणार यावरून दोघांचं भांडणसुद्धा व्हायचं.

मिरजेजवळच्या दाहोपचार केंद्रात शल्यविशारद डॉ. नसीम मुल्लाणी यांनी त्रिशलाला तपासलं आणि बाहेर येऊन सुकुमारांना व विमलताईंना समोर बसवलं.

"निम्म्याहून जास्त अंग भाजलंय. चेहरा आणि श्वासनलिका वाचलीय, ती बोलू शकते. कातडीचं आम्ही बघू. मला भीती आहे ती तिच्या मूत्रपिंडांची."

"भाजलं कातडीला, मूत्रपिंडाचं काय?" विमलताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. माणूस मोठ्या प्रमाणात भाजला की त्याच्या रक्तवाहिन्या सगळ्या अंगभर गळक्या होतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. अंग सुजतं आणि आत रक्त कमी पडतं. मूत्रपिंडांना पुरेसं रक्त मिळत नाही. त्यातच उष्णतेनं फुटलेल्या लाल पेशींमधला रंग मूत्रपिंडांच्या केसासारख्या नळ्यांत जाऊन अडकतो. तरीही मूत्रपिंड थांबत नाही. उपाशीपोटी गाळत राहतं आणि त्या कष्टानंच मरतं.

"आम्ही त्याला थांबवायला शिकलोय," डॉक्टर म्हणाल्या. "हिमालयात बिळात राहणारा खारीच्या कुळातला एक प्राणी आहे. बर्फ पडला की सबंध हिवाळा झोपतो. तेवढे महिने त्याची मूत्रपिंडं जवळजवळ बंद असतात आणि उन्हाळ्यात जागी होतात ती धडधाकट. ज्या द्रव्यानं ती झोपतात, ते आता आम्हाला बनवता येतं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून ते आम्ही तिच्या मूत्रपिंडांत सोडणार. ती झोपली की वाचली. आठवडाभरानं उठवायची."

"आणि तोवर?"

"तोवर त्यांचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं."

"डायलिसिस?"

"मशीन रक्त धुतं. मूत्रपिंड रक्त सांभाळतं. पाणी, क्षार, आम्ल, सगळं क्षणाक्षणाला. तिचा रक्तदाब असा वरखाली होतोय की मशीनचं धुणं तिला सोसायचं नाही. त्यात मला तिची मेलेली कातडी कापून काढायचीय, एकदा नाही, दोनदा. तिला जिवंत मूत्रपिंडं हवीत. म्हणजे जिवंत माणूस."

त्या माणसाला त्या केंद्रात सोबती म्हणत. रुग्णाशेजारी त्याची खाट लावायची. दोघांच्या मध्ये एक पेटी, पेटीत कागदाहून पातळ पडदा. पडद्याच्या एका अंगानं रुग्णाचं रक्त वाहायचं, दुसऱ्या अंगानं सोबत्याचं. रक्तात रक्त मिसळायचं नाही. पेशी आणि प्रथिनं ज्याची त्याच्याकडंच राहायची. पण पाणी, क्षार, शरीरातला कचरा असे बारीक रेणू पडद्यातून ये-जा करायचे आणि सोबत्याची मूत्रपिंडं दोघांचं काम ओढायची.

विमलताईंना मधुमेह होता, त्या पहिल्याच चाचणीत बाद झाल्या. मामेभाऊ आले, पण त्यांच्या पेशींना त्रिशलाच्या रक्तातला निवळ, म्हणजे सीरम, मानवला नाही. सुकुमारांचं वय एकसष्ट, मर्यादेच्या जरा अलीकडं. त्यांच्या पेशींनी तक्रार केली नाही.

"धोका सांगते, नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "भाजलेलं शरीर सारखं धोक्याचे निरोप पाठवत असतं. मोठे निरोप पडदा अडवतो, अगदी बारीक अडवता येत नाहीत. ते तुमच्या मूत्रपिंडांना लागू शकतात. आधीच्या जोड्यांमधले दोन सोबती कायमचे डायलिसिसवर गेलेत. आणि एक नियम आहे. दोघांपैकी कुणीही एक 'पुरे' म्हणालं की आम्ही जोडणी सोडवतो. दुसऱ्याची परवानगी विचारत नाही."

"मी कशाला पुरे म्हणतोय," सुकुमार म्हणाले आणि शर्टाची बटणं काढायला लागले.

जाताना दारात विमलताईंनी त्यांना अडवलं. "तुम्ही तिला ठेवून घेतलंत, पावणं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "माझ्या घरी आली असती, तर आज कुणाच्या तरी संसारात असती."

गेली चार वर्षं हेच वाक्य सुकुमार स्वतःला ऐकवत आले होते.

जोडणी सुरू झाल्यावर पहिल्यांदा काही जाणवलं नाही. नळ्या लाल झाल्या, पेटी गुणगुणायला लागली. मग सुकुमारांना तहान लागली. पाणी पिऊनही जाईना. घशाला कोरड, ओठ चिकटत होते.

"ती तुमची तहान नाही," परिचारिका म्हणाली. "त्यांच्या रक्तातले क्षार तुमच्याकडं येतायत."

पडद्यापलीकडून असं बरंच काही यायचं. त्रिशलाला वेदनेवरचं औषध दिलं की थोड्या वेळानं सुकुमारांच्या पापण्या जड व्हायच्या. जखमा धुवायला घेतलं की तिनं तोंडातून आवाज काढायच्या आधीच यांची छाती धडधडायला लागायची. डॉक्टरांनी पहिल्या शस्त्रक्रियेत तिच्या छातीवरची आणि पोटावरची मेलेली कातडी काढून कातडी-पेढीतली कातडी तिच्यावर पसरली, तेव्हा पेटी आणि सुकुमारांची खाटही आत न्यावी लागली. भुलीच्या औषधाचा अंश त्यांच्यातही उतरला. मधल्या हिरव्या पडद्याकडं बघत ते अर्धवट गुंगीत पडून राहिले, आणि त्यांना वाटलं, शीतलच्या वेळी असं काही असतं तर. त्याच्यापर्यंत पोचायला आपल्याला कुणी वाटच ठेवली नव्हती.

दुसऱ्या सकाळी त्रिशलानं मान वळवली.

"मामा, तुम्ही चहा प्यायलात?"

"अर्धा कप. का?"

"माझी झोप उडाली की." ती हसली. हसताना छाती ताणली गेली आणि दुखलं, ते त्यांनाही कळलं. "कडक होता वाटतं."

"न्हाई पीत आता."

"प्या हो. मला तेवढाच मिळतोय."

त्या दिवशी दोघं खूप बोलले. घरी कधी बोलले नव्हते ते बोलले. पोलिसांना तिनं आधीच सांगितलं होतं, आकडा मीच निवडला, मीच बसवून घेतला, कुणाचा दोष नाही. आता ती सुकुमारांना म्हणाली, "आई तुम्हाला काहीतरी बोलली ना? इथं खाटेवर आलात, तेव्हापासून तुमचा चेहरा उतरलाय."

"खरं तेच बोलली. मी तुला जा म्हणायला पाहिजे होतं. तू बॅग घेऊन परत फिरलीस तेव्हा मला बरं वाटलं, पोरी. मी गप बसलो."

"म्हणाला असतात तरी गेले नसते." ती छताकडं बघत होती. "तुम्हाला वाटतं मी तुमच्यासाठी राहिले. शीतल गेल्यावर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. आजारी माणसाशी बोलतात तसं. तुम्ही एकटेच माझ्याशी दुधावरून भांडलात. म्हणून राहिले."

सुकुमारांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आधी सुकुमारांची लघवी गडद झाली. मग कमी झाली. डॉक्टर सकाळच्या फेरीला आल्या, पेटीवरचे आकडे पाहिले आणि तिथंच थांबल्या.

"मगदूमकाका, तुमच्या मूत्रपिंडांना मार बसतोय. ज्याची भीती होती तेच."

"किती दिवस हवेत तिला?"

"दोन. जमलं तर तीन. तिच्या मूत्रपिंडांची सूज अजून उतरलेली नाही, आत्ता उठवली तर अर्धवट उठतील. पण तेवढ्या वेळात तुमची जाऊ शकतात. जातीलच असं नाही. जाऊ शकतात."

"मग चालू राहू दे."

"काका, विचार करा."

"केला. एकसष्ट वर्षं वापरलीत, पुष्कळ झालं. गेली तर गेली. कॅमेरा लावा, त्याच्यासमोर सांगतो."

"डॉक्टर," शेजारच्या खाटेवरून आवाज आला. "मलाही सांगायचंय."

त्रिशला जागी होती. तिचे डोळे सुजेमुळं बारीक झाले होते, पण बोलणं स्वच्छ होतं.

"पुरे," ती म्हणाली.

"गप बस," सुकुमार म्हणाले. "तापात बोलतीय, डॉक्टर, लक्ष देऊ नका."

"ताप नाही मला. विचारा तारीख, वार, सगळं सांगते. जोडणी सोडा."

"त्रिशला!" ते उठायला गेले, तर नळ्या ताणल्या आणि परिचारिकेनं त्यांना खांद्याला धरून खाली दाबलं. "अगं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. दोन दिवस कळ काढ."

"कळ मी काढतेच आहे, मामा. तुम्ही काढताय ती मला नकोय. माझ्या अंगातलं विष तुमच्या अंगात जातंय आणि मी इथं पडून बघायचं?"

"मी बापासारखा आहे तुझ्या. माझा अधिकार आहे."

"आणि माझा नाही?" तिला धाप लागली. तिच्या धापेबरोबर सुकुमारांचंही काळीज उडायला लागलं. "समजा, मी वाचले. मग आठवड्यातून तीनदा तुम्हाला घेऊन मी मिरजेला येणार. तुम्ही मशीनला लागलेले, मी बाहेर बाकावर बसलेली. दर वेळी. तुम्ही एक शब्द बोलणार नाही, आणि मी जन्मभर तुमच्याशी हळू आवाजात बोलणार. मला तसं नाही जगायचं, मामा. आपल्या घरात तसं नको."

"तू जग तर! मग हवं तशी भांड."

"शीतल गेला तेव्हा कुणी मला विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "आज विचारतायत. माझं उत्तर ऐका ना."

सुकुमारांनी हात जोडले. कुणापुढं जोडावेत ते त्यांना कळेना; आधी सुनेपुढं, मग डॉक्टरांपुढं. "तुम्ही सांगा हिला. तुम्ही शिकलेल्या आहात. हिची आई बाहेर आहे, तिला बोलवा. ती तरी नको म्हणेल."

विमलताईंना बोलावलं. त्यांना सगळं सांगितलं. त्या लेकीच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या, एकदा सुकुमारांकडं आणि एकदा पेटीकडं पाहिलं. लेकीचा न भाजलेला हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला.

"बाळ, होऊ दे की त्यांचं ते," त्या म्हणाल्या. "ते देतायत."

"तू असतीस त्यांच्या जागी, तर मी घेतलं असतं का गं?"

विमलताईंनी पदर तोंडाला लावला.

डॉ. मुल्लाणींनी त्रिशलाला पुन्हा एकदा सगळं समजावलं, आणि तिचं म्हणणं तिच्याच तोंडून तीनदा म्हणवून घेतलं. तिन्ही वेळा तिनं एकच शब्द सांगितला. मग डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं चिमटे लावले. नळ्यांतला रंग थांबला. पेटी गप झाली.

घशातली कोरड गेली. छातीतली धडधड आपली आपल्यापुरती झाली. बाजूच्या खाटेवर ती अजूनही धापा टाकत होती, हे सुकुमारांना नुसतं दिसत होतं.

तिची मूत्रपिंडं दोन दिवस आधीच उठवली. डावं उठलंच नाही. उजवं हळूहळू हलायला लागलं. पहिल्यांदा थेंब थेंब, मग धार. दुसरी शस्त्रक्रियाही पार पडली. सुकुमारांना शेजारच्या वॉर्डात हलवलं होतं. तिथं डॉक्टर स्वतः सांगायला आल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. सुकुमारांची मूत्रपिंडंही सावरत होती. खाटेवरून उतरून काचेपर्यंत चालत जायची परवानगी त्यांना मिळाली. काचेपलीकडून त्रिशलानं त्यांना बोटानं दटावलं, अजून रागावलात का म्हणून. ते रागावलेलेच होते. तरी त्यांनी हात हलवला.

मग मांडीवरच्या जखमेत जंतू शिरले. जळालेल्या माणसाला पाखर घालायला कातडी नसते, आणि उसनी कातडी किती दिवस तगेल याचा नेम नसतो. तिसरी शस्त्रक्रिया झाली. औषधं बदलली. रक्तात विष भिनलं आणि रक्तदाब खाली आला तो वर येईना. एवढ्या सगळ्यात ते एकटं उजवं मूत्रपिंड काम करत राहिलं.

"मी शेवटपर्यंत तिच्याबरोबर राहिलो असतो, तर?" सुकुमारांनी डॉक्टरांना विचारलं. तेव्हा ती अजून होती.

"जंतू आलेच असते," डॉक्टर म्हणाल्या. "तिला झुंजायला जास्त बळ मिळालं असतं का, मला माहीत नाही. काका, मी तुम्हाला सोपं उत्तर देऊ शकते. पण ते खरं असेल की नाही, हे मला ठाऊक नाही."

विमलताई काचेच्या खोलीत लेकीजवळ बसून असायच्या. त्या सकाळी त्या णमोकार मंत्र म्हणत होत्या. म्हणता म्हणता थांबल्या, पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लागल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की ऐकणारं कुणी राहिलेलं नाही. परिचारिका आत आली, डॉक्टर आल्या. विमलताई उठल्या. मगदूमांना मीच सांगते, म्हणाल्या.

वॉर्डात उजेड आला होता. सुकुमार खाटेवर उशीला टेकून बसले होते, मांडीवर उपिटाची ताटली होती. विमलताईंना दारात पाहताच त्यांचा चमचा हवेत राहिला. त्या आल्या, शेजारच्या स्टुलावर बसल्या.

"तुम्हाला कळलंच असेल," विमलताई म्हणाल्या. "इतके दिवस तिचं सगळं कळायचं तुम्हाला. म्हणून मी घाई केली नाही. म्हटलं, पावण्यांना आधीच कळलं असेल."

सुकुमारांनी नाही म्हणून मान हलवली.

"काही कळलं नाही, विहीणबाई," ते म्हणाले. "छातीत साधी कळसुद्धा आली नाही. मी खात बसलो होतो. मला भूक लागली होती."

ते ताटली बाजूला ठेवायला लागले. चमचा ताटलीवर वाजला. विमलताईंनी ती ताटली धरली आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

"संपवा तेवढं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "माझ्या पोरीनं पुरे म्हटलं ते कशासाठी? खा, पावणं."

सुकुमारांनी घास घेतला. तो गिळायला त्यांना फार वेळ लागला. विमलताई समोर बसून राहिल्या, आणि त्यांनी दुसरा घास घेईपर्यंत ताटलीवरचा हात काढला नाही.